वकिलाशिवाय ग्राहक तक्रार : कोणाकडे जावे, काय जपावे, काय लिहावे

‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ पावतीच्या तळाशी छापलेली असते आणि बहुतेक माणसे तिलाच कायदा समजून गप्प बसतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मात्र वेगळेच सांगतो. या कायद्यातील अनुचित व्यापारी प्रथांच्या व्याख्येनुसार, सदोष वस्तू परत घेण्यास किंवा सदोष सेवेचे पैसे परत करण्यास पावतीवर दिलेल्या मुदतीत नकार देणे ही अनुचित प्रथा ठरते, आणि पावतीवर मुदतच दिलेली नसेल तर ३० दिवसांची मुदत धरली जाते. बिल न देणे हेही त्याच व्याख्येत बसते. येथे एक मर्यादा लक्षात ठेवावी. हा हक्क सदोष मालाबाबत आहे. रंग आवडला नाही किंवा विचार बदलला, एवढ्या कारणासाठी दुकानदारावर सक्ती करता येत नाही.

भारतात ग्राहकांसाठी स्वतंत्र कायदा १९८६ साली झाला. त्याला राष्ट्रपतींची संमती २४ डिसेंबर रोजी मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळला जातो. त्याआधीच, १९७०च्या दशकाच्या मध्यावर, पुण्या-मुंबईत ग्राहक पंचायतीचे काम उभे राहिले होते. दिवाणी न्यायालयातील खर्च, कोर्ट फी आणि वर्षानुवर्षांचे खेटे सामान्य माणसाला परवडत नाहीत, म्हणून वकील न लावताही चालवता येईल अशी वेगळी यंत्रणा, म्हणजे आजचे ग्राहक आयोग, उभारावी, हा त्या कायद्याचा गाभा होता. २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यानेही तो कायम ठेवला आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की, ग्राहक हरतात ते कायदा अवघड आहे म्हणून क्वचितच. पहिल्या काही दिवसांत न जपलेले कागद आणि चुकीच्या ठिकाणी घालवलेले महिने यांमुळेच ते अधिक वेळा हरतात. म्हणून या लेखात कलमांपेक्षा कागद आणि मुदती यांवर अधिक भर दिला आहे.

ग्राहक कोण

पैसे देऊन, देण्याचे कबूल करून किंवा हप्त्यांवर जो वस्तू वा सेवा घेतो तो ग्राहक होय. त्याच्या संमतीने ती वापरणारा घरातला माणूसही ग्राहकच ठरतो, आणि खरेदी दुकानात झाली की मोबाइलवरून, याने काही फरक पडत नाही. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू मात्र वगळली आहे. या वगळण्याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही. घरी कपडे शिवून संसार चालवणाऱ्या बाईने घेतलेले शिलाई यंत्र बिघडले, तर ‘हा तुमचा धंदा आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असे म्हणून तिची बोळवण करता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा या कायद्याच्या कक्षेत आणली. जेथे सर्वच रुग्णांवर पूर्णपणे मोफत उपचार होतात, ती सेवा मात्र कक्षेबाहेर राहिली. वकिलांच्या सेवेबाबत मे २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने उलट निर्णय दिला, त्यामुळे वकिलाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही.

कोणाकडे जावे

गोंधळ खरा येथेच होतो, कारण ठिकाणे अनेक आहेत आणि प्रत्येकाचे अधिकार वेगळे आहेत.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. तुमची तक्रार नोंदवून ती कंपनीपर्यंत पोहोचवणे आणि समेट घडवण्याचा प्रयत्न करणे, हे तिचे काम. अनेक साध्या तक्रारी, विशेषतः परतावा अडकल्याच्या, तेवढ्यानेच सुटतात, त्यामुळे सुरुवात येथून करणे शहाणपणाचे. मात्र हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही. कंपनीने हात वर केले की तेथील काम संपते, म्हणून तिच्या उत्तराची वाट पाहत महिनोन्‌महिने घालवू नयेत.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण हे जुलै २०२० मध्ये स्थापन झाले. फसव्या जाहिराती, असुरक्षित वस्तू, संकेतस्थळांवरील दिशाभूल करणारी रचना अशा, असंख्य लोकांना एकाच वेळी झळ पोहोचवणाऱ्या गोष्टींवर ते कारवाई करते. फसव्या जाहिरातीसाठी ते १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसाच गुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकते. पण तो दंड म्हणजे तुमची भरपाई नव्हे. तुमचे स्वतःचे पैसे हवे असतील, तर आयोगातच जावे लागते.

बँकेविरुद्धच्या तक्रारीसाठी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आणि विम्यासाठी विमा लोकपाल आहे, आणि दोन्ही विनामूल्य आहेत. त्यांच्याकडे जाण्याआधी बँकेकडे किंवा विमा कंपनीकडे लेखी तक्रार करून उत्तरासाठी सुमारे महिनाभर थांबावे लागते. विमा लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारदाराला तो पटला नाही, तर त्याला ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा राहतो. उलट, आयोगात प्रकरण आधीच चालू असेल, तर त्याच विषयावर लोकपाल तक्रार घेत नाही. त्यामुळे कोणाकडे आधी जायचे, हा क्रम येथे फार महत्त्वाचा ठरतो. खात्यातून परस्पर पैसे गेले असतील, तर मात्र क्रमाचा विचार करत बसू नये. त्याच क्षणी बँकेला आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर कळवावे. बँकेचा वा ग्राहकाचा दोष नसताना तिसऱ्याच कोणी केलेल्या व्यवहाराची माहिती ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत दिल्यास त्याच्यावर नुकसानीचा भार येऊ नये, असे तत्त्व रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिले आहे.

घर घेतलेल्यांसाठी महारेरा (राज्याचे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण) आहे. तरीही ग्राहक आयोगाचा मार्ग त्याने बंद होत नाही, कारण ग्राहक कायद्याची दाद ही इतर कायद्यांखाली मिळणाऱ्या दादेव्यतिरिक्त जादा आहे, असे कलम १०० सांगते आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये घरांच्या प्रकरणातही तेच मान्य केले.

वीज, पाणी, टपाल, दूरध्वनी, प्रवासी वाहतूक, रुग्णालय, विमा अशा सेवांबाबत कायम लोक अदालत हाही एक मार्ग आहे, आणि त्याची माहिती फारच थोड्यांना असते याची मला खंत वाटते. नेहमीच्या लोक अदालतीत तडजोड झाली नाही तर प्रकरण तसेच परत जाते. कायम लोक अदालतीला मात्र, समेट न झाल्यास, बहुतेक प्रकरणांत स्वतः निवाडा देता येतो. तेथे कोर्ट फी लागत नाही.

आता ग्राहक आयोगाकडे वळू. तीन पायऱ्या आहेत. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, ५० लाखांहून अधिक आणि २ कोटींपर्यंत असेल तर राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. या मर्यादा डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ठरल्या; मूळ कायद्यातील १ कोटी आणि १० कोटींचे आकडे अजूनही अनेक जुन्या पुस्तिकांत आढळतात, त्यांवर विसंबू नये. येथे मोजली जाते ती तुम्ही प्रत्यक्ष मोजलेली किंमत, मागितलेली भरपाई नव्हे. विमा दाव्याची रक्कम कितीही मोठी असली तरी हप्ता ५० लाखांच्या आत असेल, तर तक्रार जिल्हा आयोगातच जाते.

२०१९ च्या कायद्याने केलेला सर्वांत मोलाचा बदल म्हणजे तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो, तेथील आयोगातही तक्रार करता येते. कंपनीचे मुख्यालय दिल्लीत असले, तरी गडचिरोलीच्या ग्राहकाला दिल्ली गाठावी लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही; पाच ते दहा लाखांसाठी २०० रुपये, दहा ते वीस लाखांसाठी ४०० रुपये आणि वीस ते पन्नास लाखांसाठी १००० रुपये. महाराष्ट्रातील जिल्हा आयोगांत तक्रार मराठीत चालते, आणि कितीतरी निकालही मराठीत दिले जातात.

कागद

समजा, एका कुटुंबाने ३२,००० रुपयांचा फ्रीज घेतला आणि चार महिन्यांनी तो थंड होईनासा झाला. फोन केल्यावर तंत्रज्ञ येतो, मागे वाकून काहीतरी पाहतो, गॅस भरतो, आणि जाताना कामाची नोंद असलेला कागद किंवा मोबाइलचा पडदा पुढे करून सही मागतो. त्यावर बहुधा ‘काम समाधानकारक’ असे आधीच छापलेले असते. घाईत सही होते. आठ दिवसांनी फ्रीज पुन्हा बंद पडतो, आणि हेच तीनदा घडते. पुढे प्रकरण आयोगात गेले, की कंपनीचा वकील नेमके तेच तीन कागद पुढे ठेवतो आणि म्हणतो की, प्रत्येक वेळी दुरुस्ती झाली आहे व ग्राहकाने तशी सही दिली आहे.

म्हणून सही करण्याआधी आपल्या हाताने दोन ओळी लिहाव्यात. ‘फ्रीज तपासणीनंतर सुरू आहे, थंडावा येतो की नाही हे २४ तासांनी कळेल, हा बिघाड तिसऱ्यांदा झाला आहे’, एवढे पुरे. सही मोबाइलच्या पडद्यावर मागितली आणि लिहायला जागाच नसेल, तर तोच मजकूर लगेच कंपनीच्या ई-मेलवर पाठवावा. त्या कागदाचा फोटो काढावा. तक्रारीचा नोंदणी क्रमांक, तारीख आणि तंत्रज्ञ कोणत्या केंद्रातून आला, हे वहीत टिपून ठेवावे. फोनवरचे संभाषण कितीही सविस्तर झाले असले, तरी नंतर त्याचा सारांश लेखी पाठवल्याखेरीज त्याचा पुरावा म्हणून फारसा उपयोग होत नाही.

बिल, हमीपत्र, पैसे दिल्याची नोंद, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, चॅट, ई-मेल आणि वस्तूचे फोटो हे सर्व तारखेच्या क्रमाने एकत्र ठेवावे. थर्मल कागदावरची बिले काही महिन्यांत कोरी होतात, तेव्हा ती पहिल्याच दिवशी छायांकित करून घ्यावीत. बिल हरवले म्हणून सगळे संपले असेही नाही. बँकेची नोंद, वस्तू मागवल्याचा संदेश किंवा हमीची ऑनलाइन नोंदणी यांवरून खरेदी सिद्ध करता येते. बिघडलेली वस्तू भंगारात देऊ नये, कारण दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग ती प्रयोगशाळेत पाठवू शकतो.

मुदत

वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करावी लागते. उशीर झाल्यास योग्य कारण देऊन विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण माफी मिळेलच याची खात्री नसते. फार मोठा गैरसमज असा आहे की, कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे तोवर मुदत संपत नाही. ‘आपली तक्रार वरिष्ठांकडे पाठवली आहे’ अशी उत्तरे दोन वर्षे येत राहिली, तरी घड्याळ थांबत नाही.

काही दोष मात्र रोज चालूच राहतात. मुंबईतील समृद्धी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात विकासकाने भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला) मिळवून दिले नव्हते आणि त्यामुळे रहिवाशांना महापालिकेची पाणीपट्टी व मालमत्ता कर जादा दराने भरावा लागत होता. मुदत टळली म्हणून राष्ट्रीय आयोगाने तक्रार फेटाळली, पण जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, प्रमाणपत्र न देणे ही सतत चालू असलेली चूक आहे, त्यामुळे तक्रार मुदतीत आहे. महाराष्ट्रात भोगवटा प्रमाणपत्राविना वर्षानुवर्षे राहणाऱ्या संस्थांची स्थिती पाहता हा निर्णय प्रत्येक गृहनिर्माण संस्थेच्या कार्यकारिणीने वाचायला हवा.

तक्रार लिहिताना

तक्रार करण्याआधी नोटीस पाठवणे कायद्याने सक्तीचे नाही, पण पाठवावी. साध्या मराठीत काय घडले, काय हवे आणि किती दिवसांत हवे, हे एका पानात लिहून स्पीड पोस्टने आणि ई-मेलने पाठवावे व पोच जपून ठेवावी. १५ दिवसांची मुदत सहसा पुरेशी असते.

तक्रारीत संताप कमी आणि तारखा जास्त असाव्यात. ‘सामनेवाल्यांनी आमची घोर फसवणूक केली असून त्यांची वागणूक अत्यंत उद्दाम आहे’ या वाक्याने आयोगाच्या हाती काहीच लागत नाही. (सामनेवाला म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो.) ‘तक्रारदाराने ५ मार्च रोजी सामनेवाला क्र. १ यांच्याकडून ३२,००० रुपयांस फ्रीज घेतला (निशाणी १). ८ जुलै रोजी तो थंड होणे बंद झाले. त्याच दिवशी तक्रार नोंदवली (निशाणी २). तीन वेळा दुरुस्ती होऊनही बिघाड कायम आहे (निशाणी ३ ते ५)’ अशी मांडणी केली की प्रत्येक वाक्यामागे कागद उभा राहतो; निशाणी म्हणजे जोडलेल्या कागदाचा क्रमांक. विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही सामनेवाले करावे. एकालाच केल्यास तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, आणि टोलवाटोलवीला वाव मिळतो.

शेवटी मागण्या नेमक्या लिहाव्यात : वस्तू बदलून द्यावी किंवा किंमत व्याजासह परत करावी, मानसिक त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च. भरपाई अवाच्या सवा मागण्याचा मोह टाळावा. ३२,००० रुपयांच्या फ्रीजसाठी दहा लाखांची मागणी केल्याने ती मिळत तर नाहीच, शिवाय मूळ खऱ्या तक्रारीचे गांभीर्यही कमी होते. वीज तोडण्याची किंवा जप्तीची टांगती तलवार असेल, तर त्याच वेळी अंतरिम आदेशाचा अर्ज जोडावा.

सोबत शपथपत्र द्यावे. प्रत्यक्ष जाऊन दाखल करायचे असेल तर जिल्हा आयोगासाठी तीन संच आणि प्रत्येक सामनेवाल्यासाठी एकेक संच लागतो. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्याही दाखल करता येते.

आयोगात काय होते

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही, हे सामान्यतः २१ दिवसांत ठरते, आणि तक्रारदाराचे म्हणणे ऐकल्याशिवाय ती नाकारता येत नाही. सामनेवाल्याला लेखी म्हणणे देण्यासाठी ३० दिवस आणि फार तर आणखी १५ दिवस मिळतात. त्यापुढे आयोगालाही मुदत वाढवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केले. तक्रारदाराच्या दृष्टीने हा मोठाच आधार आहे. नोटीस कोणत्या दिवशी बजावली गेली हे पाहून ४५ दिवस स्वतः मोजावेत आणि मुदत टळल्यावर तसा अर्ज द्यावा.

दोन्ही पक्षांना पटत असेल तर प्रकरण मध्यस्थीकडे जाते. तेथे जायला घाबरू नये. पटले नाही तर प्रकरण आयोगापुढे पुन्हा चालते. पुरावा मुख्यतः शपथपत्र आणि कागदांवर होतो, आणि अर्ज केल्यास दूरदृश्य प्रणालीने हजर राहण्याची मुभा कायद्यात आहे. निकाल तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत द्यावा, अशी अपेक्षा कायद्यात लिहिली आहे. प्रत्यक्षात ती क्वचितच पाळली जाते. रिक्त पदे आणि तारखा यांमुळे वर्ष-दोन वर्षे लागू शकतात, हे आधीच ठाऊक असावे. सरकारांनी ही पदे वेळेवर भरली नाहीत, तर शून्य शुल्काची ही सोय कागदावरच राहते.

स्वतः बाजू मांडण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, आणि नोंदणीकृत ग्राहक संघटनाही ग्राहकातर्फे तक्रार करू शकते. वैद्यकीय हलगर्जीसारख्या किचकट प्रकरणात मात्र वकील असलेला बरा. तो परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. स्त्रिया, मुले, दिव्यांग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती यांना मोफत वकिलासाठी उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी राज्याने ठरवलेली उत्पन्नमर्यादा आहे. विधी सेवेचा हेल्पलाइन क्रमांक १५१०० असा आहे.

आदेशानंतर

जिल्हा आयोगाच्या आदेशावर ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. पैसे देण्याचा आदेश झालेल्या कंपनीला अपील करायचे असेल, तर त्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. केवळ चालढकल करण्यासाठी होणाऱ्या अपिलांना त्यामुळे काहीसा आळा बसतो.

आदेश मिळाला की पैसे आपोआप खात्यात येतील, असे समजून अनेक जण वाट पाहत बसतात. आदेशात दिलेली मुदत संपल्यावरही पैसे आले नाहीत, तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज द्यावा लागतो. कलम ७१ खाली दिवाणी हुकूमनाम्याप्रमाणे वसुली होते, आणि कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा २५,००० ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. दोन्ही अर्ज वेगवेगळे करता येतात. त्यांसाठी आदेशाची प्रमाणित प्रत लागते. पक्षकारांना आदेशाची पहिली प्रत विनामूल्य मिळते. निकालाच्या दिवशीच ती मागून घ्यावी आणि आदेशातील मुदत कोणत्या तारखेला संपते, ते तिच्यावरच लिहून ठेवावे.